१०० टनी हायड्रॉलिक प्रेस जर्मनीला जायची आहे: सीईचं काम कुठून धरायचं?

प्रेसवाला_भोसरी

नमस्कार मंडळी. सीई म्हणजे युरोपात मशिन विकायला लागणारी खूण, ती लावायची आहे. मशिनची माहिती आधी देतो, म्हणजे उत्तरं मोघम येणार नाहीत.

१०० टन, चार खांबी, रॅम (दाब देणारा सरकता भाग) वरून खाली येणारा. पत्र्याचं थंड काम. जॉब हाताने ठेवायचा, हातानेच काढायचा. सिलिंडरचा बोअर २५०, रॉड २००, दाब २१० बार. खाली येण्याचा वेग सेकंदाला २०० मिमी, दाबताना १० मिमी. मोटर १५ किलोवॅट, पॉवरपॅकवर (तेलाचा पंप-मोटर संच) दाबाखाली तेल साठवणारा १० लिटरचा अ‍ॅक्युम्युलेटर. समोर लाइट कर्टन (प्रकाशकिरणांचा पडदा, हात आत गेला की रॅम थांबवायचा निरोप देणारा) आणि दोन हातांची बटणं. सायकल साधारण १५ सेकंदांची, दोन पाळ्या. जर्मनीतल्या कारखान्यात फेब्रुवारी २०२७ मध्ये पोचवायची आहे. फ्रेम कापून झाली आहे, पॉवरपॅकची ऑर्डर अजून गेलेली नाही, पॅनेलचं ड्रॉइंग चालू आहे.

प्रश्न तीन. एका एजन्सीचं कोटेशन आलंय: फोटो आणि ड्रॉइंग पाठवा, आठ दिवसांत सीई सर्टिफिकेट. ते घेऊन भागेल का? मशिन नियमात बसतं असं आपण सही करून देतो त्या घोषणापत्रावर २००६/४२ हा युरोपचा यंत्रांचा निर्देशच लिहायचा ना? आणि पुढे तोडफोड नको म्हणून आत्ताच काय बदलून घ्यावं?

नियमावली

सर्टिफिकेटचं आधी सांगतो. सीई ही बनवणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर लावायची खूण आहे. बहुतेक मशिनांना बाहेरच्या संस्थेची गरजच नसते, आणि जिथे असते तिथे ती युरोपियन संघाने त्याच कायद्यासाठी अधिसूचित केलेली संस्था लागते. अशा प्रत्येक संस्थेला चार आकडी क्रमांक असतो आणि ती संघाच्या 'नँडो' नावाच्या यादीत सापडते. कोटेशन देणाऱ्याचं नाव तिथे, यंत्रांच्या कायद्याखाली आणि प्रेस या प्रकारासाठी आहे का बघा. नसेल तर तो कागद फ्रेम करून लावण्यापलीकडे कामाचा नाही. प्रेस न बघता फोटोवरून मिळालेला कागद अपघातानंतरच्या चौकशीत उलट तुमच्याच विरोधात जातो.

तारखेचं त्याहून महत्त्वाचं. २००६/४२ हा निर्देश २० जानेवारी २०२७ पासून संपतो आणि त्याच दिवसापासून २०२३/१२३० ही नियमावली लागू होते. दोन्ही चालतील असा मधला काळ ठेवलेला नाही. मूळ मजकुरात १४ जानेवारी छापलं गेलं होतं, नंतर शुद्धिपत्रक निघालं. जुन्या सादरीकरणांत अजून १४ दिसते. मोजायचं ते प्रत्येक मशिन युरोपच्या बाजारात पहिल्यांदा उपलब्ध होतं त्या दिवशी. ऑर्डर कधीची आहे, प्रेस भोसरीत कधी तयार झाली, याला अर्थ नाही. तुमची फेब्रुवारीत पोचणार, म्हणजे घोषणापत्र २०२३/१२३० खालीच.

आता तुमच्या प्रेसचा वर्ग. थंड धातुकामाची, हाताने भरायची किंवा काढायची, ६ मिमीपेक्षा जास्त स्ट्रोक आणि सेकंदाला ३० मिमीपेक्षा जास्त वेग असलेली प्रेस जोखमीच्या यादीत येते. जुन्या निर्देशात ते परिशिष्ट ४ होतं, नव्या नियमावलीत परिशिष्ट १ चा भाग ब. भाग ब मधल्या मशिनला स्वतःच तपासून घोषणा करता येते, पण एका अटीवर: लागू होणाऱ्या सगळ्या गरजा सुसंगत (युरोपियन संघाने या कायद्यासाठी मान्य केलेल्या) मानकांनी झाकल्या गेल्या पाहिजेत आणि ती मानकं पूर्ण पाळलेली असली पाहिजेत. एखादी गोष्ट मानकाबाहेर गेली की अधिसूचित संस्था आलीच: नमुन्याची तपासणी, किंवा त्या एकट्या मशिनची तपासणी, किंवा संपूर्ण गुणवत्ता व्यवस्थेची. म्हणून प्रेसच्या सुरक्षेचं मानक ईएन आयएसओ १६०९२, त्याचे भाग १ आणि ३ विकत घ्या आणि कलमागणिक तक्ता करा. मानकाचा संदर्भ युरोपच्या राजपत्रात २०२३/१२३० च्या नावाने निघालेल्या यादीत आहे का, हे सही करण्याआधी त्या आठवड्यात पुन्हा बघा. निर्देशाच्या जुन्या यादीवर विसंबू नका.

तेलपाणी

पॉवरपॅकची ऑर्डर गेलेली नाही हे फार बरं झालं. या प्रेसमध्ये माणसाचा हात तेलाच्या सर्किटवर अवलंबून आहे, कर्टन फक्त निरोप देतो.

रॅम थांबवायला एकच दिशा व्हॉल्व्ह चालणार नाही. दोन हवेत, आणि दोघांच्याही स्पूलची (व्हॉल्व्हच्या आतल्या सरकत्या दांड्याची) जागा सेन्सरने वाचलेली हवी. एक अडकला तरी दुसऱ्याने रॅम थांबला पाहिजे, आणि पुढचा स्ट्रोक सुरूच होता कामा नये. आपल्याकडे बऱ्याचदा सर्किटमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात, पण पोझिशन सेन्सर 'नंतर घालू' म्हणून राहतो. मग पहिला व्हॉल्व्ह बिघडल्याचं कळतच नाही, दुसरा बिघडेपर्यंत सगळं व्यवस्थित चाललेलं दिसतं. सेन्सरवाला व्हॉल्व्ह मागवतानाच मागवावा लागतो, साध्या बॉडीला तो मागाहून बसत नाही.

रॅमला खालून धरून ठेवणारा व्हॉल्व्ह सिलिंडरच्या रॉडबाजूच्या पोर्टवर थेट फ्लँजने बसवा. पोर्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये होज नको. होज फुटली तर रॅम आणि वरची डाय (साचा) स्वतःच्या वजनाने खाली येणार.

आणि हे गणित करून बघा. बोअर २५०, रॉड २००. वरचं क्षेत्रफळ ४९,०८७ चौमिमी, रॉडबाजूचं १७,६७१. पट २.७८. रॉडबाजूचा व्हॉल्व्ह अडकून बंद राहिला आणि वरून २१० बार आले, तर खाली ५८३ बार तयार होतात. पाइप, फ्लँज, सील ३१५ च्या हिशोबाने घेतलेले असतात. म्हणून रॉडबाजूला वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह, थेट चालणारा, सेटिंगला सील मारलेला, आणि त्याच्या आणि सिलिंडरच्या मध्ये बंद करता येईल असा कॉक नाही.

अ‍ॅक्युम्युलेटर: १० लिटर गुणिले २१० बार म्हणजे २,१००. दाबउपकरणांच्या २०१४/६८ निर्देशात, नायट्रोजनसारख्या वायूसाठी १,००० ते ३,००० हा वर्ग ३. तो अधिसूचित संस्थेच्या चार आकडी क्रमांकासकट सीई असलेलाच घ्यावा लागतो. स्थानिक बाटली आणून वर तुमची नेमप्लेट लावता येणार नाही. मेन बंद केल्यावर तो आपोआप रिकामा होईल असा डंप व्हॉल्व्ह द्या.

डाय बदलताना रॅमखाली टेकू लागतो. तो रॅम अधिक वरची डाय एवढं वजन पेलणारा हवा आणि त्याला स्विच हवा, कारण १०० टनांचा दाब टेकूवर आला तर टेकू वाकून उडेल. टेकू जागेवर असताना रॅमला खाली यायची आज्ञा मिळताच कामा नये.

प्रेसवाला_भोसरी

५८३ चा आकडा डोक्यातच नव्हता, रिलीफ जोडतो. आता कर्टन. ३० मिमी रिझोल्यूशनचा (म्हणजे ३० मिमी जाडीपर्यंतची वस्तू नक्की ओळखणारा) स्टॉकमध्ये आहे, टेबलाच्या कडेपासून २०० वर लावायचा विचार आहे. शिवाय दोन हातांची बटणं आहेतच. पुरेल ना?

मापनपट्टी

नाही पुरणार, आणि बटणं आहेत म्हणून सूट मिळत नाही. ईएन आयएसओ १३८५५ चं सूत्र असं: अंतर = हाताचा वेग × थांबायला लागणारा एकूण वेळ + भर. अंतर टेबलाच्या कडेपासून नाही, धोक्याच्या जवळच्या बिंदूपासून, म्हणजे डायपासून मोजायचं. खालची आकडेमोड २०१० च्या आवृत्तीप्रमाणे आहे. २०२४ ची आवृत्ती आली आहे, अंतिम हिशोब तिच्याशी ताडून घ्या.

समजा कर्टन १५ मिलिसेकंद, सेफ्टी कंट्रोलर २०, व्हॉल्व्ह सुटून रॅम पूर्ण थांबायला १६५. एकूण २००. हाताचा वेग सेकंदाला २,००० मिमी धरायचा. भर म्हणजे ८ × (रिझोल्यूशन − १४).

१४ मिमीच्या कर्टनला भर शून्य. अंतर ४०० मिमी.

३० मिमीच्या कर्टनला भर १२८. ४०० + १२८ = ५२८. हे ५०० च्या वर गेलं की १,६०० च्या वेगाने पुन्हा काढता येतं: ३२० + १२८ = ४४८. पण तसं काढलं तर ५०० च्या खाली यायचं नाही, म्हणून ५००.

स्टॉकमधला कर्टन वापरून वाचलेले पैसे ऑपरेटर प्रत्येक जॉबला १०० मिमी जास्त वाकून भरेल. दोन पाळ्यांत तो कंटाळेल आणि कर्टनला बगल द्यायची वाट शोधेल. १४ मिमीचाच घ्या. प्रकार ४ चा (सुरक्षेची सर्वात वरची श्रेणी) असला पाहिजे, प्रकार २ प्रेसला चालत नाही.

१६५ हा आकडा मी गृहीत धरलाय. तुम्ही तो मोजायचा आहे, कॅटलॉगमधून उचलायचा नाही. पूर्ण वेगात, सर्वात जड डाय लावून, तेल कामाच्या तापमानाला आल्यावर. दहा वेळा मोजा. सर्वात मोठं वाचन, किंवा सरासरी अधिक तीन प्रमाण विचलन, यातलं जे मोठं ते घ्या. सकाळी गार तेलावर एकदा मोजलं आणि लिहिलं, असं चालत नाही. वेळ ५० मिलिसेकंदांनी वाढला की १०० मिमी अंतर वाढतं, आणि तेव्हा कर्टनचे खांब वेल्ड झालेले असतात. म्हणून खांबाला लांबट भोकं ठेवा, अंतिम मोजणीनंतर पिन मारून पक्कं करा.

कर्टन आणि टेबल यांच्यामध्ये ७५ मिमीपेक्षा जास्त जागा राहिली तर तिथे माणूस उभा राहू शकतो आणि कर्टनला तो दिसत नाही. तुमच्या मांडणीत तसंच होईल. ती जागा पक्क्या पत्र्याने भरा किंवा आडवा कर्टन जोडा. रीसेटचं बटण बाहेर, पूर्ण टेबल दिसेल अशा जागी, आणि आतून हात पोचणार नाही असं.

नटबोल्ट_इचलकरंजी

पण दोन हातांची बटणं असताना हात आत जाणार कुठून? आपल्याकडे कित्येक प्रेस फक्त त्याच्यावर चालतात.

मापनपट्टी

बटणं ज्याने दाबली आहेत त्याचेच हात बाहेर राहतात, नटबोल्ट साहेब. बाजूला जॉब सरळ करणारा मदतनीस असेल तर त्याच्यासाठी त्या बटणांचा काही उपयोग नाही. आणि बटणांनाही अंतराचं गणित आहेच: १,६०० × वेळ + २५०. बटणांचं मॉड्यूल २५ मिलिसेकंद धरलं तर एकूण २१०, अंतर ५८६ मिमी. म्हणजे कर्टनपेक्षाही लांब. बटणांवर बोटं बाहेरून आत जाणार नाहीत असं कव्हर असेल तर २५० ची भर सोडता येते. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली तरच आज्ञा, एक सोडलं की थांबणं, आणि पुन्हा सुरू करायला दोन्ही सोडावी लागणं, हे तिन्ही हवं. दोन बटणांत २६० मिमी तरी ठेवा, नाहीतर एकाच पंजाने दोन्ही दाबता येतात.

बाजूच्या आणि मागच्या जाळ्यांचंही बघा. ईएन आयएसओ १३८५७ मध्ये चौकोनी भोक ३० मिमीपर्यंत असेल तर धोका १२० मिमी लांब हवा, ४० पर्यंत असेल तर २००. लांब फटीचा नियम कडक आहे: २० ते ३० मिमीची फट असली की ८५० मिमी, कारण तिच्यातून अख्खा हात आडवा जातो. फटीची लांबी ६५ मिमीपर्यंतच असेल तर २०० वर भागतं. आपल्याकडे फॅब्रिकेटर आडव्या पट्ट्या मारून २५ ची फट ठेवतो आणि मागे डाय ३०० वर असते.

पॅनेलबोर्ड

पॅनेलचं ड्रॉइंग चालू आहे म्हणता, तर वायरच्या रंगापासून सुरू करा. आपल्याकडचा वायरमन तीन फेजना लाल, पिवळा, निळा घालतो आणि न्यूट्रलला काळा. युरोपातला इलेक्ट्रिशियन निळी वायर न्यूट्रल समजतो आणि काळी पॉवरची. तुमच्या पॅनेलमध्ये त्याने निळ्याला हात लावला तर तो जिवंत फेजला हात असेल. ईएन ६०२०४-१ प्रमाणे पॉवर काळी, एसी कंट्रोल लाल, डीसी कंट्रोल निळी, न्यूट्रल फिकट निळी, अर्थ हिरवी-पिवळी. मेन बंद केल्यावरही जिवंत राहणारी वायर नारिंगी. वायरमनला हे कागदावर देऊन ठेवा, तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी राहत नाही.

मेन स्विचचं हँडल जमिनीपासून ०.६ ते १.९ मीटरमध्ये, बंद स्थितीत कुलूप लागेल असं. डिस्पॅचआधीच्या चाचण्या: अर्थची सलगता, ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशन किमान १ मेगाओम, उच्च व्होल्टेज चाचणी, आणि मेन काढल्यावर ५ सेकंदांत उरलेलं व्होल्टेज ६० च्या खाली. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) असेल तर शेवटची जमत नाही, तिथे किती वेळ थांबायचं ते दारावर लिहायचं. वाचनं तारखेसकट फाइलमध्ये.

आता सेफ्टी सर्किट. इजा गंभीर, हात सतत आत, टाळायला वेळ नाही: ईएन आयएसओ १३८४९-१ च्या आलेखात हे थेट पीएल-ई वर, म्हणजे सेफ्टी सर्किटच्या भरवशाच्या सर्वात वरच्या पातळीवर येतं. साध्या पीएलसीमधून (मशिन चालवणारा नेहमीचा कंट्रोलर) कर्टनचा सिग्नल फिरवून पीएल-ई मिळत नाही. सेफ्टी कंट्रोलर, दोन चॅनल, आणि तेलपाणींनी सांगितलेले स्पूलचे सेन्सर परत त्याच कंट्रोलरमध्ये.

रॅम व्हॉल्व्हनेच थांबवा, दर सायकलला कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) पाडू नका. कारण आकड्यांत बघा. ३०० दिवस, १६ तास, १५ सेकंदांची सायकल: वर्षाला ११,५२,००० वेळा. पूर्ण लोडवरच्या कॉन्टॅक्टरचं मानकातलं मूल्य १३ लाख वेळा, म्हणजे तेवढ्यात दहा टक्के कॉन्टॅक्टर धोकादायकपणे बिघडलेले असतात. म्हणजे सव्वा वर्षाच्या आतच तो बदलायला येतो, आणि त्याच्या धोकादायक बिघाडाचा सरासरी काळ निघतो ११ वर्षं, जिथे ३० च्या वर हवा. पीएल-ई तिथेच गेला. कॉन्टॅक्टर फक्त इमर्जन्सी स्टॉपला पडू द्या. हा हिशोब 'सिस्टेमा' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करा. जर्मनीच्या आयएफए संस्थेचं आहे, फुकट मिळतं. प्रिंट फाइलला जोडा.

एक चूक हमखास सापडते. मागच्या आणि बाजूच्या दारांचे साधे स्विच एकाच मालिकेत जोडलेले असतात. एका स्विचचा कॉन्टॅक्ट चिकटला आणि कुणी दुसरं दार उघडून बंद केलं, की बिघाड पुसला जातो आणि कंट्रोलर पुन्हा हिरवा. कोड असलेले, स्वतःची तपासणी करणारे स्विच घ्या.

ईएमसीचा (विजेच्या उपकरणांनी एकमेकांत अडथळा न आणण्याचा) २०१४/३० निर्देश वेगळा लागतो, आणि ड्राइव्ह असेल तर त्याकडे जास्तच लक्ष द्या. केबलची जाळी शेपटी पिळून टर्मिनलला लावू नका, पूर्ण गोल क्लॅम्पमध्ये धरा. लो-व्होल्टेजचा निर्देश मात्र घोषणापत्रात लिहायचा नाही, विजेच्या गरजा मशिनच्या कायद्यातच येतात. आणि प्रत्येक पार्टवर सीई आहे म्हणून मशिन सीई होत नाही.

स्टुटगार्टहून

इथल्या कारखान्यात मशिन उतरल्यावर पुढे काय होतं ते लिहिते. जर्मन कायद्याने मालकाला कामाचं साधन वापरायला देण्याआधी स्वतःचं जोखीम मूल्यमापन करावं लागतं, आणि सीई आहे म्हणून त्यातून सुटका नाही असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यामुळे त्यांचा सुरक्षा अधिकारी टेप घेऊन येतो. कर्टन ते डाय मोजतो, मग मॅन्युअल उघडून थांबण्याचा वेळ शोधतो. तो आकडा मॅन्युअलमध्ये नसेल तर मशिन तिथेच थांबतं.

मॅन्युअल जर्मनमध्येच लागेल. नवी नियमावली डिजिटल प्रत चालवते, पण ती डाउनलोड आणि प्रिंट करता आली पाहिजे, किमान १० वर्षं उपलब्ध राहिली पाहिजे, आणि खरेदीच्या वेळी मागितली तर छापील प्रत महिन्याभरात फुकट द्यायची. भाषांतर करणाऱ्याला प्रेसचे शब्द माहीत हवेत. 'रॅम'ला मेंढा म्हटलेली मॅन्युअलं परत जातात. आवाजाचा आकडा विसरू नका: ऑपरेटरच्या जागी ७० डेसिबलच्या वर असेल तर तो आकडा, ८० च्या वर असेल तर ध्वनिशक्तीही.

नेमप्लेटवर कंपनीचं नाव, टपालाचा पूर्ण पत्ता, ईमेल किंवा वेबसाइट, मॉडेल, अनुक्रमांक, बनवण्याचं काम संपलं ते वर्ष, आणि किमान ५ मिमी उंच सीई. डिसेंबर २०२६ मध्ये बनून संपली तर २०२६ च. पुढचं वर्ष टाकणं बेकायदा. तुमचं युरोपात कार्यालय नसेल तर ग्राहकच आयातदार ठरतो, त्याचंही नाव-पत्ता लागतो. आयातदार ठरल्याने त्याच्यावर जबाबदाऱ्या येतात, म्हणून हे करारातच ठरवून घ्या.

नियमावली

ताईंच्या मुद्द्याला जोडून: तांत्रिक फाइल १० वर्षं ठेवायची, आणि तिचा गाभा म्हणजे ईएन आयएसओ १२१०० प्रमाणे केलेलं जोखीम मूल्यमापन. ते शेवटी बसून भरायचा फॉर्म नाही. वाहतूक, बसवणं, डाय बदलणं, सफाई, दुरुस्ती, प्रत्येक टप्प्याचे धोके लिहा. आधी डिझाइनमधून धोका काढता येतो का बघायचं, नाही तर गार्ड, आणि सर्वात शेवटी स्टिकर. गार्ड बसू शकत असताना स्टिकरवर भागवलेली ओळ तपासणाऱ्याला लगेच दिसते.

नवीन भर एकच सांगतो. लांबून लॉगिन करायचा मोडेम देणार असाल तर सेफ्टी प्रोग्रॅमला बाहेरून धक्का लागणार नाही आणि कुणी बदल केला तर त्याची नोंद राहील, अशी सोय आता कायद्याने हवी.

प्रेसवाला_भोसरी

एजन्सीला नाही कळवतो. १४ चा कर्टन, कोडचे स्विच, स्पूलचे सेन्सर, हे आजच्या ऑर्डरमध्ये घेतो. गार्ड मात्र कापून झालेत, एम८ च्या अ‍ॅलन बोल्टने बसतात. त्यात काही अडचण?

मापनपट्टी

आहे. बोल्ट काढल्यावर तो गार्डला किंवा मशिनला अडकूनच राहिला पाहिजे, सुटा हातात यायला नको. दुरुस्तीनंतर सहातले दोनच बोल्ट परत लागतात, म्हणून हा नियम. गार्ड फेकायची गरज नाही. एम८ चा असा बोल्ट घ्या ज्याचा मधला भाग टर्न करून ६.२ ला आणलाय. गार्डच्या भोकात आतून एम८ चे आटे पाडा. पत्रा २ मिमीचा असेल तर आटे धरणार नाहीत, मागे रिव्हेट नट किंवा वेल्ड नट द्या. बोल्ट आट्यांतून पुढे गेला की बारीक भागावर मोकळा फिरतो आणि बाहेर पडत नाही. शिवाय गार्ड बोल्टशिवाय नुसता टेकून उभा राहता कामा नये. खाली हुक किंवा खाच केली असेल तर ती कापून टाका; बोल्ट निघाले की गार्ड पडला पाहिजे, म्हणजे तो न बसवता मशिन चालवायला कुणी धजणार नाही.

तेलपाणी

ऑर्डर टाकताय तर रॉडबाजूला एक चाचणी पोर्टही घाला, आणि त्याचं गेज ६०० बारचं. २५० चं लावलं तर रिलीफ तपासताना काटा टोकाला जाऊन अडकेल आणि खरा दाब कुणाला दिसणारच नाही.